स्त्रीदेह, पाणी आणि सत्ता

‘पर्यावरणीय स्त्रीवाद’ ही संज्ञा फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाज द’ओबोन यांनी १९७४ मध्ये प्रचारात आणली. आत्मा श्रेष्ठ व देह हीन मानणारी धर्मदृष्टी स्त्री आणि धरती या दोहोंनाही भोग्य ठरविते, अशी मीमांसा रोझमेरी रूथर यांनी १९७५ मध्ये केली. मात्र स्त्रीचे निसर्गाशी नाते उपजत नसते. श्रमविभागणी व मालमत्ता यांनी ते घडते, असे बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये प्रतिपादिले.

भारतात या विवेचनास जातीची जोड द्यावीच लागते. सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह ही जातिअंतर्गत विवाह टिकविण्याची साधने होत, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ च्या कोलंबिया विद्यापीठातील निबंधात दाखविले. म्हणजे स्त्रीच्या लैंगिकतेवरील नियंत्रण हाच जातीचा पाया ठरतो. याच जातीने पाणवठेही वाटून घेतले.

म्हणूनच १९२७ मधील महाडच्या दोन घटना एकत्र वाचाव्यात. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. पाणी आणि स्त्रीदेह यांवर हक्क सांगणारी सत्ता एकच होती. आजही पाणवठा आटला वा नासला, की सर्वांत दूरवर हंडा कोणती स्त्री वाहते, हे पाहिल्यावाचून पर्यावरणाचा विचार पूर्ण होत नाही.