फिस्टुला आणि शस्त्रक्रिया : सातारा-सांगलीच्या सव्वाशे वर्षांचा मागोवा

शरीरातल्या दोन पोकळ अवयवांमध्ये, किंवा आतल्या अवयवापासून कातडीपर्यंत, निसर्गाने न ठेवलेली एखादी वाट तयार झाली आणि ती बुजेनाशी झाली, की तो फिस्टुला. साधी जखम आठ-पंधरा दिवसांत भरते. ही वाट भरत नाही, कारण तिच्यातून पू, मळ, लघवी किंवा आतड्यातला रस सतत वाहत असतो. मुळाशी जंतुसंसर्ग, क्षय, कर्करोग किंवा पुढे अडलेला मार्ग असेल, तर वरून कितीही मलमपट्टी केली तरी तोंड पुन्हा उघडते. त्यामुळे शस्त्रक्रिया करायची का आणि केव्हा करायची, हे ठरवण्याआधी वाट कशामुळे उघडी राहिली ते शोधावे लागते. सातारा-सांगलीच्या रुग्णाला हा शोध घेणारा आणि पुढचे करणारा डॉक्टर जवळपास मिळू लागला, त्याला सव्वाशे वर्षांहून थोडा अधिक काळ झाला आहे.

ज्ञान त्याआधीचे, फार जुने आहे. सुश्रुताने भगंदराचे शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त आणि उन्मार्गी असे पाच प्रकार सांगितले आणि शस्त्र, क्षार व अग्नी यांनी करायचे उपचारही दिले. पुढच्या शतकांत मात्र शस्त्रकर्म वैद्यकीच्या व्यवहारातून मागे पडत गेले. या भागात ते पुन्हा रुजले ते मिशनरी डॉक्टरांमुळे. त्यांतले डॉ. विल्यम वानलेस 1889 मध्ये भारतात आले. त्यांच्या पुढाकाराने 1894 मध्ये मिरजेला मिशनचे रुग्णालय उभे राहिले आणि 1897 पासून तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. भूल आणि निर्जंतुक शस्त्रक्रियागृह या दोन गोष्टींवाचून फिस्टुलाची नीट शस्त्रक्रिया होत नाही. त्या दोन्ही त्या काळी कृष्णाकाठी आल्या, हे मिरजेचे मोठे देणे आहे.

या भागात सर्वांत जास्त दिसणारा फिस्टुला म्हणजे भगंदर. गुदद्वाराच्या आत बारीक ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबली, पिकली की शेजारी गळू होते. गळू फुटते किंवा डॉक्टर ते कापून पू काढतात, ठणका थांबतो आणि माणूस कामाला लागतो. पण तीनांतल्या एकाला, कदाचित त्याहूनही अधिकांना, आतली ग्रंथी आणि बाहेरचे तोंड यांना जोडणारी वाट मागे राहते. मग महिना-दोन महिन्यांनी तीच जागा सुजते, पू येतो, कपडे डागाळतात. प्रतिजैविकाने सूज ओसरते, वाट बुजत नाही. त्रास देणारे भगंदर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच बरे होते, आणि ही गोष्ट रुग्णाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितली पाहिजे. लाजेपोटी अनेक जण एसटी स्टँडजवळची ‘मूळव्याध-भगंदर’ अशी पाटी गाठतात, तिथे इंजेक्शने घेतात, आणि एका तोंडाची चार तोंडे झाल्यावर रुग्णालयात येतात.

शस्त्रक्रियेचे सारे कौशल्य शौचावर ताबा ठेवणारा स्नायू वाचवण्यात आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील सर ॲलन पार्क्स यांनी 1976 मध्ये भगंदराची वर्गवारी केली, ती या स्नायूच्या संदर्भातच. वाट खालून, थोड्याच स्नायूतून जात असेल तर ती उघडून टाकली की काम होते. वरून जाणारी वाट अशी सरळ कापली तर रोग जाईल, पण माणसाला शौच आवरता येणार नाही. अशा ठिकाणी आधी दोरा ओवून पू वाहता ठेवतात. मग स्नायूंच्या मधल्या जागेत वाट बांधून तोडण्याची लिफ्ट शस्त्रक्रिया, आतले तोंड झाकणे, दुर्बिणीतून किंवा लेसरने वाट जाळणे अशा पद्धतींतून निवड होते. लिफ्ट 2007 मध्ये थायलंडमधून पुढे आली. गुंतागुंतीच्या किंवा परत उलटलेल्या भगंदरात आधी एमआरआय काढलेला बरा. स्त्रियांमध्ये पुढच्या बाजूचा स्नायू आखूड असल्याने तिथे तर घाई मुळीच करू नये.

क्षयामुळेही भगंदर होते. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभारले गेले, त्या काळात क्षयावर विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांपलीकडे फारसे काही नव्हते. आज वाटेतला तुकडा तपासणीला पाठवून क्षय निघाला, तर गोळ्या आधी आणि चाकू नंतर, असा क्रम लागतो. आतड्याच्या क्रोन्स आजारातही आधी औषधे द्यावी लागतात.

1960 च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी क्षारसूत्राला नवे आयुष्य दिले. क्षार, स्नुहीचा चीक आणि हळद यांची पुटे दिलेला हा दोरा आठवड्याला बदलतात. वाट हळूहळू कापत जाते आणि मागून भरत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. क्षारसूत्राने जखम भरायला सरासरी 8 आठवडे लागले, शस्त्रक्रियेने 4. रोग उलटण्याचे प्रमाण मात्र क्षारसूत्रानंतर सुमारे 4 टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर 11 टक्के होते. शिकलेल्या शल्यवैद्याच्या हातचा दोरा हा पुराव्यावर उभा असलेला उपचार आहे. पाटीवाल्याच्या दोऱ्याला तो मान देता येत नाही.

बाळंतपणातून होणाऱ्या फिस्टुलाची हकिगत अधिक दुःखाची आहे. बाळाचे डोके दोन-तीन दिवस अडून राहिले की आईचे मूत्राशय हाडावर दाबले जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढा भाग मरतो. काही दिवसांनी तो गळून पडतो आणि योनिमार्गातून लघवी अखंड गळू लागते. बाळ बहुधा दगावलेले असते, आणि अंगाला वास येतो म्हणून अशा बाईला घरातही वेगळे ठेवले जाई. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, तेव्हा पाटण-जावळीच्या डोंगरवाड्यांतून किंवा जतच्या माळावरून अडलेली बाई रुग्णालयात आणणे हेच मोठे संकट होते. पुढे 1962 मध्ये मिरजेला आणि 1984 मध्ये कराडला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ग्रामीण रुग्णालये, 2005 ची जननी सुरक्षा योजना आणि 2014 पासूनची 108 रुग्णवाहिका यांमुळे अडलेले बाळंतपण वेळेत सिझेरियनपर्यंत पोहोचू लागले. या फिस्टुलावरचा सर्वांत मोठा उपाय तोच ठरला.

आता कारण बदलले आहे. गर्भाशय काढताना मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होऊन झालेले फिस्टुला अधिक दिसतात. दर हंगामात बीडकडून ऊसतोडीसाठी सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येणाऱ्या स्त्रियांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचे प्रमाण मोठे असल्याचे 2019 मध्ये राज्यभर चर्चिले गेले. विनाकारण केलेली अशी प्रत्येक शस्त्रक्रिया हा धोकाही विनाकारण ओढवून घेते.

आतड्यातून पोटाच्या कातडीवर उघडणाऱ्या फिस्टुलात मात्र थांबणे हाच आधीचा उपचार आहे. पाणी व क्षार भरून काढणे, पू काढणे आणि पोषण सांभाळणे एवढे नीट केले तर अनेक वाटा महिना-दीड महिन्यात आपोआप मिटतात. न मिटल्यास किमान तीन महिने जाऊ देऊन मग पोट उघडतात. याउलट श्वासनलिका आणि अन्ननलिका जोडलेले बाळ जन्माला आले, तर त्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही दिवसांतच करावी लागते.

गळू काढून सहा आठवडे झाले तरी पू येत असेल तर सर्जनला दाखवावे. बाळंतपणानंतर किंवा गर्भाशय काढल्यावर लघवी गळू लागली तर एक दिवसही घरी काढू नये. मूत्राशयाचे ताजे, लहान छिद्र चार-सहा आठवडे नळी ठेवून शस्त्रक्रियेविनाही भरू शकते. उशीर झाला की ती संधी जाते, आणि बहुधा तीन महिने थांबून शस्त्रक्रियाच करावी लागते.