जांघेतले चट्टे आणि गुप्तरोगाचा संशय : एक मागोवा

जांघेत किंवा जननेंद्रियावर पुरळ उठण्याची कारणे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिल्यात घाम, साबण वा एखाद्या गोळीची प्रतिक्रिया आणि त्वचेचे इतर विकार येतात. दुसरे कारण बुरशी, तिसरे संभोगातून पसरणारे संसर्ग. जागा एकच, म्हणून तिन्हींवर बाहेरख्यालीपणाचा एकच शिक्का बसत आला. र. धों. कर्वे यांनी १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिले. तरी दुखणे लपवण्याची सवय सुटली नाही, आणि लपवलेल्या दुखण्याची तपासणीही होत नाही.

खेड्यातले चित्र स्पष्ट झाले ते १९८९ साली. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार होता; पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. आजारांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता, आणि सुमारे ४५ टक्के स्त्रियांची काही तक्रारच नव्हती. केवळ तक्रार ऐकून रोग ओळखता येत नाही, हे त्यातून ठामपणे दिसले.

पुढच्या काळात सरकारी कार्यक्रमाने लक्षणांवरून उपचाराची पद्धत स्वीकारली. प्रयोगशाळा नसेल तिथे मूत्रमार्गातून पू, अंगावरून पांढरे जाणे, व्रण अशा लक्षणसमूहांनुसार ठरलेल्या रंगाची औषधांची पाकिटे दिली जातात. हिरवे पाकीट योनिस्रावासाठी, लाल हर्पिससाठी. याचा फायदा मोठा झाला. मर्यादाही तितकीच खरी : अंगावरून जाणारे पांढरे दरवेळी संभोगातून आलेले नसते. मधुमेहात, गरोदरपणात किंवा अँटिबायोटिकनंतर कँडिडा ही बुरशी आपसूक वाढते. अशा वेळी नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेणे हा सरळ अन्याय आहे.

गेल्या दशकाच्या मध्यापासून गोंधळ वाढला तो नायट्यामुळे. साध्या गोळ्यांना दाद न देणारी बुरशी देशभर पसरली. २०२०मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव मिळाले. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी त्यात भर घातली. मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते, कड सपाट होते, पण बुरशी आत वाढतच राहते. मग अनुभवी डॉक्टरलाही तो चट्टा ओळखू येत नाही. २०१८मध्ये केंद्राने चौदा स्टिरॉइड मलमे 'शेड्यूल एच'मध्ये टाकून चिठ्ठी सक्तीची केली.

मलम न लागलेला नायटा मात्र चटकन कळतो : मांडीच्या घडीत गोल चट्टा, कड उठलेली व खवलेदार, मध्य निवळलेला, खाज जबर. कँडिडात त्वचा लाल, ओलसर, भोवती बारीक पुटकुळ्या. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ असते आणि घरातली इतर माणसेही खाजवत असतात. गोळी घेतल्यावर दरवेळी त्याच जागी काळसर डाग उठत असेल तर कारण औषध; हा डाग गुप्तरोग म्हणून हमखास फसवतो. हर्पिसचे फोड घोळक्याने येतात, आग होते, फुटून व्रण होतात आणि पुन्हापुन्हा उठतात. उपदंशाचा व्रण बहुधा एकच, टणक आणि न दुखणारा. तो काही आठवड्यांत आपोआप भरतो, आणि धोका नेमका इथेच आहे. माणूस निर्धास्त होतो, रोग रक्तात राहतो आणि नंतर तळहात-तळपायांवर न खाजणारे पुरळ घेऊन परततो.

नुसत्या डोळ्यांनी उलगडत नाही तिथे दोन स्वस्त चाचण्या कामी येतात. चट्ट्याची खरवड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवली की सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू दिसतात. उपदंशासाठी रक्ताची व्हीडीआरएल चाचणी होते; पहिल्या दिवसांत ती निर्दोष येऊ शकते, म्हणून संशय असल्यास काही आठवड्यांनी पुन्हा करतात. व्रण किंवा पू असेल तर एचआयव्हीची तपासणी आणि जोडीदाराचे उपचारही सोबतच व्हावे लागतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव. अशा गावांसाठी या चाचण्या किती जवळ आहेत, हाच कळीचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत गडचिरोलीबरोबर हिंगोलीही आहे.