आपोआप भरणारे पाणी आपोआप थांबले पाहिजे

घरात माशांची काचपेटी ठेवण्याचा शौक आता कारागिरांच्या वस्तीतही पोचला आहे. भिवंडीत आमच्याही घरी तीन फूट लांबीची, सुमारे १५० लिटरची पेटी आहे. बोअरचे पाणी क्षाराचे, म्हणून मुलांनी घरच्या आरओ मशीनची नळी पन्नास लिटरच्या ड्रममध्ये सोडली आणि तोंडाशी फ्लोट वॉल्व्ह बसवला. ड्रम भरला की पाणी बंद. आम्हीही खूष झालो.

एका रात्री तो फ्लोट क्षार धरून अडकला. मशीन तासाला बारा लिटर पाणी देते. सकाळपर्यंत साठ-सत्तर लिटर पाणी माळ्यावरून खालच्या गोदामात उतरले. ग्रे कापडाचे अकरा तागे भिजले. डागी माल लॉटच्या भावात काढावा लागला.

नुकसान सोसले, पण शरम जास्त वाटली. कारण हा धडा आमच्याच धंद्यातला आहे. साध्या पॉवरलूमवरही बाण्याचा धागा तुटला की वेफ्ट फोर्क लूम थांबवतो. जपानच्या साकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा ऑटोमॅटिक लूम नावाजला गेला, त्यात ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबण्याची सोय हे मोठे कारण होते. यंत्र चालू करणे सोपे आहे. बिघाड होताच ते थांबले पाहिजे, खरा हुन्नर तोच.

म्हणून आम्ही जुळणी बदलली. घरगुती आरओचा पंप आणि पाणी अडवणारा सोलेनॉइड वॉल्व्ह बहुधा २४ व्होल्टवर चालतात. त्यांच्या सामायिक वायरीत ड्रममधला फ्लोट स्विच घातला. ड्रम भरला की पंप थांबतो, वॉल्व्हही मिटतो. लाईट गेली तरी तो वॉल्व्ह बंदच राहतो. पहिला स्विच अडकला तर म्हणून दोन इंच वर दुसरा फ्लोट स्विच लावला. त्याशिवाय वार लावता येणारा डिजिटल टायमर बसवून आठवड्यात एकदाच, दिवसा, अडीच तास मशीन चालवतो. तेवढ्या वेळात जेमतेम तीस लिटर पाणी येते, म्हणजे रिकामा ड्रम कधीच वाहणार नाही. शेवटी ड्रमच्या काठाखाली भोक पाडून जाड नळी मोरीत सोडली. आठवड्याला फ्लोट हाताने उचलून पंप थांबतो की नाही हे पाहतो.

एकदाच चालवण्याचे आणखी एक कारण आहे. मशीन बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार सारखे होऊ लागतात, त्यामुळे सुरुवातीचे पाणी खारट येते. थोडे थोडे भरत राहिल्यास असे पाणी वारंवार ड्रममध्ये पडते.

ड्रमचे पाणी थेट पेटीत मात्र आपोआप सोडू नये. नुसत्या आरओच्या पाण्यात आम्लता सावरणारे क्षार उरत नाहीत, ते अचानक बिघडते आणि मासे मरतात. बोअरचे टीडीएस ९०० व आरओचे ६० असेल आणि आपल्याला ३०० हवे असेल, तर बोअरचे २ भाग व आरओचे ५ भाग मिसळावे. रंगारी जसा पाणी तपासल्याशिवाय रंग घालत नाही, तसे आधी मीटर बुडवावे. आठवड्याला पेटीचे पाचवा हिस्सा, म्हणजे तीस लिटर पाणी बदलले की पुरे. पेटीतून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी मात्र निव्वळ आरओचेच घालावे, कारण वाफ जाते, क्षार मागे राहतात.

आणि आरओ लागतेच असेही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे. नगरपालिकेचे पाणी त्याहून बरेच खाली असेल तर बहुतेक साध्या माशांना ते चालते, फक्त त्यातला क्लोरीन काढावा लागतो. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. टीडीएस मीटर तो दाखवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर फेकते. गरज नसता मशीन लावणे हा निव्वळ इस्राफ होय. आमच्याकडे ते फेकलेले पाणी फरशी पुसायला व संडासात जाते.

आमच्या इलेक्ट्रिशियन व प्लंबर बांधवांना एवढेच सांगणे. हे सारे सुटे भाग आरओ दुरुस्तीच्या दुकानात मिळतात, मजुरीही बरी मिळते. पण काम सोपवताना गिऱ्हाईकासमोर फ्लोट उचलून मशीन थांबवून दाखवा. त्याच्या घराखाली कुणाचे तरी गोदाम असते.