अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज केलाय, मधल्या काळात भारतात येता येतं का? जाणून घ्या नियम

न्यू जर्सीत रात्रीचे अकरा वाजलेत आणि साताऱ्याहून फोन येतो, आईला दवाखान्यात हलवलंय. मुलाकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वासाठीचा एन-४०० अर्ज तीन महिन्यांपूर्वीच भरलाय. अशा वेळी पहिला प्रश्न असतो तिकिटाचा आणि दुसरा लगेच येतो, 'आता देश सोडला तर अर्ज बाद होईल का?'

थोडक्यात उत्तर, नाही. अर्जदाराचं ग्रीन कार्ड कायम असतं आणि त्यावर प्रवास करता येतो. गोंधळ होतो तो 'अॅडव्हान्स परोल'मुळे. ती परवानगी ग्रीन कार्डचाच अर्ज प्रलंबित असलेल्यांना लागते, नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्यांना नाही. कार्डची मुदत संपत आली असेल तरी घाबरायचं कारण नाही. १२ डिसेंबर २०२२ पासून एन-४०० भरणाऱ्यांच्या कार्डची मुदत आपोआप २४ महिने वाढते. मात्र जुन्या कार्डासोबत अर्जाची पावती जवळ हवी. ती घरी विसरली तर परतताना विमानतळावरच अडचण होऊ शकते.

दिवसांचा हिशोब

नियम दोन आहेत आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पहिला, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत राहिलेलं असावं लागतं. अमेरिकी नागरिकाशी लग्न झालेल्यांना तीन वर्षांत १८ महिने. हा हिशोब अर्जाच्या तारखेला पूर्ण झालेला असतो.

दुसरा नियम सलग वास्तव्याचा. तो अर्ज भरल्यावर संपत नाही, शपथ घेईपर्यंत चालू राहतो. एका फेरीत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. मग नोकरी, घर, कुटुंब अमेरिकेतच होतं हे कागदपत्रांनी सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. वर्षभर किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलं तर तीही सोय जवळपास उरत नाही. 'री-एंट्री परमिट काढलंय, मग काय?' असं अनेकांना वाटतं. त्या परमिटमुळे ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वासाठीचा हिशोब नाही.

म्हणजे गणपतीला दोन-तीन आठवडे घरी येऊन जाण्यात अडचण नाही. आईच्या शुश्रूषेसाठी सात महिने थांबणं मात्र अर्जावर बेतू शकतं.

याच काळात बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची नोटीस येऊ शकते. यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यावर लक्ष ठेवावं आणि तारीख चुकणार असेल तर आधीच बदलून मागावी. काहीही न कळवता गैरहजर राहिलं तर अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जाऊ शकतो. मुलाखतीत अर्जानंतरच्या सगळ्या फेऱ्यांच्या तारखाही सांगाव्या लागतात, त्यामुळे त्या लिहून ठेवलेल्या बऱ्या.

खरी अडचण शपथेनंतर

ज्याची भीती वाटते तो काळ तसा सोपा असतो. पेच पडतो तो आनंदाच्या दिवशी. शपथेच्या वेळी ग्रीन कार्ड जमा करून घेतलं जातं. दुसरीकडे, भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, त्यामुळे हातातला भारतीय पासपोर्टही प्रवासासाठी वापरता येत नाही. तो वापरला तर दंड होतो. अमेरिकी पासपोर्ट अजून आलेला नसतो आणि त्याच्या अर्जासोबत नागरिकत्वाचं मूळ प्रमाणपत्र पाठवावं लागतं. थोडक्यात, काही आठवडे माणूस नागरिक असतो, पण त्याला विमानात बसता येत नाही.

काही कार्यालयांत मुलाखतीच्याच दिवशी शपथ दिली जाते. सोमवारी मुलाखत आणि गुरुवारचं मुंबईचं तिकीट असेल तर हे 'झटपट' काम महागात पडतं. अशा वेळी शपथ पुढच्या तारखेला द्यावी, अशी विनंती करता येते. तोवर ग्रीन कार्डवर जाऊन येता येतं. मुलाखत आणि शपथ यांच्यामध्ये परदेशी गेलात का, हे शपथेच्या दिवशी फॉर्मवर विचारलं जातं. खरं उत्तर द्यायचं, एवढंच.

शपथ झाल्यावर अचानक निघावं लागलंच, तर १४ दिवसांच्या आतल्या प्रवासासाठी पासपोर्ट एजन्सीत प्रत्यक्ष भेटीची वेळ मागता येते. जवळच्या नातेवाइकाचं गंभीर आजारपण किंवा निधन असेल तर त्यासाठी वेगळी आपत्कालीन सोय आहे. पासपोर्ट मिळाल्यावरही भारतात उतरायला व्हिसा लागतोच. ओसीआय कार्डासाठी आधी भारतीय पासपोर्टचं सरेंडर सर्टिफिकेट काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिल्या फेरीला बहुतेकांना ई-व्हिसाच सोयीचा पडतो.

मुलं बरोबर येणार असतील तर आणखी एक गोष्ट. आई किंवा वडील नागरिक झाले की त्यांच्या ताब्यात, त्यांच्यासोबत अमेरिकेत राहणारी १८ वर्षांखालील ग्रीन कार्डधारक मुलंही आपोआप अमेरिकी नागरिक होतात. म्हणजे परतताना त्यांनाही अमेरिकी पासपोर्टच लागतो. तिकीट काढण्याआधी घरात असे किती पासपोर्ट काढायचेत, ते मोजून घ्यावं.