४९९ कोटींची फूटपट्टी

नोव्हेंबर १९९९च्या अखेरीस मुंबईत एक सौदा जाहीर झाला. राजेश जैन यांची ‘इंडियावर्ल्ड’ ही छोटी इंटरनेट कंपनी ‘सत्यम इन्फोवे’ने ४९९ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. खोज, खबर, खेल, बावर्ची अशा सुटसुटीत नावांच्या वेबसाइट्स आणि वर्षाची कमाई जेमतेम एक-दोन कोटींच्या घरात. साडेचोवीस टक्के हिस्सा आधी १२२ कोटींना, उरलेला पुढे ३७७ कोटींना. खरेदीदार कंपनी स्वतःच महिनाभरापूर्वी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात उतरली होती आणि तिच्या हातात तिथला ताजा पैसा होता.

जैन यांनी यात वावगं काहीच केलं नाही. गिऱ्हाइकाने देऊ केलेला भाव घेतला. पण त्या आकड्याची फूटपट्टी झाली. इंडियावर्ल्डला ४९९ कोटी, तर आपल्या कंपनीला किमान शंभर तरी का नकोत, असा हिशेब मांडला जाऊ लागला. संगणकाशी ज्यांचा बादरायण संबंध होता अशा कंपन्यांनीही पाटी बदलून ‘इन्फोटेक’, ‘सॉफ्टवेअर’, ‘डॉट कॉम’ लावून घेतलं.

हे वेड केवळ आपलं नव्हतं. अमेरिकेत नावात ‘डॉट कॉम’ आणणाऱ्या ९५ कंपन्यांचा परड्यू विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मागोवा घेतला. नामांतराच्या घोषणेच्या आसपासच्या दहाच दिवसांत या शेअरनी बाजारापेक्षा सरासरी ७४ टक्के जास्त कमाई दिली होती. कंपनीचा इंटरनेटशी प्रत्यक्ष संबंध किती, याने फारसा फरक पडला नाही.

शेअर सगळीकडे असा उड्या मारत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमनगरला शेअर म्हटलं की आठवतो तो सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचा. सहकारातल्या या शेअरला रोजचा बाजारभाव नसतो. सभासदाकडे एक असो की पन्नास, मत एकच. तो घ्यायचा तो ऊस घालण्यासाठी. सकाळी घेऊन संध्याकाळी विकायची सोयच नाही. दलाल स्ट्रीटवरच्या छोट्या कंपनीचा शेअर नेमका याच्या उलट्या टोकाला. कंपनी काय पिकवते याची चौकशी सहसा कोणी करत नसे, उद्या आपल्यापेक्षा चढा भाव देणारा कोणी भेटेल का एवढंच पाहिलं जाई. शिवाय बहुतेक शेअर प्रवर्तकांच्या मुठीत आणि बाजारात फिरणारे मोजकेच, त्यामुळे थोडक्या पैशातही भाव वर नेता येई. मग ‘अप्पर सर्किट’ लागायचं: घेणाऱ्यांची रांग, विकायला कोणी नाही. उतरताना हाच खेळ उलटा होई आणि ‘लोअर सर्किट’मध्ये गिऱ्हाईकच मिळत नसे.

उधारीचीही सोय होती. तेव्हा सौदे आठवड्याने मिटत. मुंबई शेअर बाजाराचा आठवडा सोमवार ते शुक्रवार, राष्ट्रीय शेअर बाजाराचा बुधवार ते मंगळवार. समजा, कोणी शंभर रुपयांचे हजार शेअर घेतले. लाख रुपये हवेत, खिशात वीसच हजार. तो शुक्रवारी एका बाजारात विकून दुसऱ्यात तितकेच शेअर घेई. मंगळवारी पुन्हा उलट, म्हणजे पूर्ण पैसे भरायची वेळच येत नसे. भाव १२० झाला की पैसे दुप्पट, ८० झाला की जवळचे सगळे स्वाहा. ‘अ’ गटातल्या बड्या शेअरसाठी तर सौदा पुढच्या आठवड्यावर ढकलण्याची, म्हणजे बदल्याची, अधिकृत व्यवस्थाच होती.

११ फेब्रुवारी २००० रोजी सेन्सेक्स ५९३३ वर बंद झाला. महिन्याभरात, १० मार्चला, नॅस्डॅकने ५०४८चं शिखर गाठलं आणि तिथून घसरण सुरू झाली. जूनमध्ये, हवा फिरल्यावर, मुंबईच्या ‘रेडिफ’ने १२ डॉलरला नॅस्डॅकवर नोंदणी केली, वर्षभरातच तो भाव स्वप्नवत वाटू लागला. इकडे शेअरदलाल केतन पारेख यांच्या लाडक्या दहा, म्हणजे ‘के-१०’, शेअरचा डोलारा माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या पैशांवरही उभा होता. मार्च २००१मध्ये बँक बुडाली, ३० मार्चला पारेख यांना अटक झाली. त्या सप्टेंबरात सेन्सेक्स २६०० पर्यंत आला. बँकेतल्या ठेवी अडकल्या त्या मात्र अशा लोकांच्या, ज्यांनी कदाचित कधी शेअरचा कागदही पाहिला नव्हता.

२ जुलै २००१ पासून बदला बंद झाला आणि प्रत्येक दिवसाचे सौदे वेगळे मिटवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने आली. पाटी बदलण्यावरही आता बंधन आहे: नवा व्यवसाय सुचवणारं नाव हवं असेल, तर सेबीच्या नियमानुसार आधीच्या वर्षातलं किमान निम्मं उत्पन्न त्या व्यवसायातून आलेलं असावं लागतं, नाहीतर निम्म्या मालमत्तेइतका पैसा तरी त्यात गुंतलेला दाखवावा लागतो.