इशाऱ्याची वाट कुठे तुटते?

नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या अनेक गावांची दवंडी एकाच वेळी मुकी झाली. वादळ, वणवा, पूर यांचा इशारा रहिवाशांच्या फोनवर पोचवण्यासाठी तिथले पोलीस आणि अग्निशमन दल 'कोडरेड' ही क्लाउडवरची सेवा वापरत. तिच्यावर सायबर हल्ला झाला. गावं एकमेकांपासून शेकडो मैल दूर, पण इशाऱ्याचा उगम एकच. कंपनीने जुनी यंत्रणा मोडीत काढून नवी उभारली, तेव्हा हाताशी असलेली माहितीची प्रत मार्चअखेरची निघाली. त्यानंतर नाव नोंदवलेल्यांची नावं तिच्यात नव्हती.

अशी बातमी आली की एक समज लगेच पक्का होतो: क्लाउड कच्चा, विकेंद्रित यंत्रणा भक्कम. त्याची पारख करायची तर यंत्रणा मोडून पाहावी लागते. खरं शहर मोडता येत नाही, म्हणून ते संगणकावर मोडतात. यालाच सिम्युलेशन म्हणतात. टॉवर, सर्व्हर, फोन यांचं जाळं मांडायचं, त्यातलं काही तोडायचं आणि ठरावीक मिनिटांत इशारा किती जणांपर्यंत पोचला ते मोजायचं. मग पुन्हा तोडायचं, वेगळ्या जागी.

हा प्रयोग क्लाउडपेक्षा कितीतरी जुना आहे. अणुहल्ल्यानंतरही निरोप पोचेल असं जाळं कसं असावं, हा प्रश्न रँड कॉर्पोरेशनमधले पॉल बॅरन 1960 च्या सुमारास सोडवत होते. 1964 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालमालेत जाळ्याचे तीन आकार आहेत. एका केंद्राभोवती सगळे, हा पहिला. अनेक छोटी केंद्रं एकमेकांना जोडलेली, हा दुसरा, आणि बॅरन यांनी 'विकेंद्रित' म्हटलं ते यालाच. तिसरा मासेमारीच्या जाळ्यासारखा, जिथे केंद्रच नाही. आज ज्याला सर्रास विकेंद्रित म्हणतात, ते बहुतेक वेळा दुसऱ्याच आकाराचं असतं, आणि मोजकी केंद्रं पाडली की तेही कोसळतं. महाराष्ट्रातल्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत हाक गावातलाच माणूस देतो आणि गावभरचे मोबाइल एकदम वाजतात. व्यवस्था उपयोगी आहेच. पण ती हाक जाते टोल-फ्री क्रमांकातून आणि मोबाइल टॉवरवरून. आवाज गावचा असला तरी वाट गावची नाही.

बॅरन यांना आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येक जोडणीला पर्याय म्हणून अफाट तारा ओढायची गरज नसते. किमान लागतात त्यांच्या तीन-चार पट जोडण्या असल्या की जाळं आश्चर्य वाटावं इतकं चिवट होतं. मात्र ते हळूहळू झिजत जातं ही समजूत चुकीची आहे. बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटीचं मोठं जाळं घेतलं आणि त्यातल्या गाठी वाटेल तशा काढत गेलं, तर बराच काळ फारसं काही बिघडत नाही. शिल्लक गाठी सुमारे 59 टक्क्यांच्या खाली गेल्या की ते एकदम सुट्या तुकड्यांत विखुरतं.

आणि 'वाटेल तशा' या दोन शब्दांतच बहुतेक सिम्युलेशनची खोट आहे. फासा टाकून गाठी तोडल्या की विकेंद्रित जाळं बहुतेक वेळा जिंकतं. पूर फासा टाकत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा वीज आणि मोबाइल दोन्ही गेले. 20 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळ पोर्टो रिकोवरून गेलं आणि तिथले सुमारे 95 टक्के मोबाइल टॉवर बंद पडले. तिथे टॉवर वेगवेगळे, कंपन्या वेगवेगळ्या. विजेचा आधार मात्र सामायिक. 2003 साली इटलीत देशभर वीज गेली होती. त्या घटनेचा आधार घेऊन 2010 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं, की वीज संपर्कावर आणि संपर्क विजेवर अवलंबून असला की एकीकडची छोटी पडझड दुसरीकडे जाते, मोठी होऊन परत येते, आणि दोन्ही जाळी मिळून एकट्या जाळ्यापेक्षा लवकर कोसळतात. घराघरांत लोरा हे लांब पल्ल्याचे छोटे रेडिओ बसवले आणि ते सगळे घरच्याच प्लगवर चालले, तर कागदावर शंभर गाठी दिसतात. वीज गेल्यावर शंभरही एकाच क्षणी विझतात. म्हणून सिम्युलेशनमध्ये बॅटरी किती तास टिकते आणि यंत्र जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे आकडे सर्व्हरच्या वेगाआधी भरायला हवेत.

फोनवरचा इशारा इंटरनेटवरूनच येतो, हा समज 2023 मध्ये भारतभर चाचणीचे भोंगे मोबाइलवर वाजले तेव्हा ठळक दिसला. डेटा बंद असूनही फोन कसा वाजला, असं लोकांना वाटलं. ते सेल ब्रॉडकास्ट होतं. त्यात टॉवर आपल्या टापूतल्या सगळ्या फोनना उद्देशून एकच संदेश रेडिओसारखा सोडतो. त्याला कोणाचा क्रमांक लागत नाही, आणि फोन कितीही असले तरी कोंडी होत नाही. संदेश तयार होतो केंद्रात, पण शेवटचा टप्पा प्रसारणाचा.

टॉवर मेला तर तोही टप्पा संपला. त्याहून वाईट म्हणजे टॉवर अर्धवट जिवंत असणं. 8 जुलै 2022 ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचं नेटवर्क ठप्प झालं आणि 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहक अडकले. गाभा बंद पडला होता, पण टॉवरची रेडिओलहर चालू होती. त्यामुळे अनेक फोन त्याच टॉवरला चिकटून राहिले, आणि 911 या आपत्कालीन क्रमांकासाठी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर गेलेच नाहीत. 'चालू' आणि 'बंद' एवढ्या दोनच अवस्था मानणाऱ्या सिम्युलेशनला हा प्रकार दिसणारच नाही.

केंद्र नाही म्हणजे कोणी पाडू शकत नाही, हेही खरं नाही. ब्लूटूथवरून फोन-ते-फोन निरोप नेणाऱ्या ब्रिजफाय ॲपमध्ये संशोधकांना 2020 साली अशी त्रुटी सापडली, की खास बनवलेल्या एकाच संदेशाने सगळं जाळं बंद पाडता येत होतं. खोटा इशाराही देता येतो: एप्रिल 2017 मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहराचे 156 सायरन कोणीतरी रेडिओच्या संकेताने मध्यरात्रीच्या सुमारास वाजवले. गाठी वाढवल्या की जाळं मजबूत होतं, यालाही मर्यादा आहे: मेशटॅस्टिकसारख्या रेडिओजाळ्यात निरोप एकाकडून दुसऱ्याकडे पुन्हा पुन्हा बोलून पुढे जातो आणि वेग सेकंदाला जेमतेम एक किलोबिट, तेव्हा दाट वस्तीत रेडिओ एकमेकांच्याच बोलण्यावर बोलू लागतात.

शेवटी माणूस. ऑगस्ट 2023 मध्ये हवाईतल्या माउई बेटावरचं लहैना शहर वणव्यात जळत होतं, तेव्हा सायरन होते, पण ते वाजवले गेले नाहीत.

ओडिशाने क्लाउड की विकेंद्रित हा वाद बाजूला ठेवून एकाला दुसरं जोडलं. 2018 मध्ये सहा किनारी जिल्ह्यांत भोंग्यांचे 122 मनोरे उभे राहिले, उपग्रह आणि डिजिटल रेडिओ यांच्या आधाराने चालणारे. मे 2019 मध्ये फनी चक्रीवादळ येताना हे भोंगे वाजले, सुमारे 26 लाख एसएमएस गेले आणि जवळपास 43 हजार स्वयंसेवक कामाला लागले. 10 लाखांहून अधिक माणसं वादळ किनाऱ्यावर येण्याआधी सुरक्षित जागी पोचली होती.