फुफ्फुसात हवेऐवजी द्रव

फुफ्फुसात पाणी गेले की माणूस बुडतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण १९६६ मध्ये लीलंड क्लार्क आणि फ्रँक गोलान यांनी अमेरिकेत उंदरांना एका रंगहीन द्रवात पूर्ण बुडवले आणि उंदीर त्या द्रवातच श्वास घेत राहिले. बाहेर काढल्यावरही त्यातले काही जगले. हा द्रव म्हणजे परफ्लोरोकार्बन. शंभर मिलिलिटर पाण्यात जेमतेम तीन मिलिलिटर ऑक्सिजन विरघळतो. या द्रवात तो पन्नास मिलिलिटरच्या आसपास मावतो. कार्बन डायऑक्साइड तर त्याहून कितीतरी जास्त.

प्रयोग गमतीदार होता, पण त्यात डॉक्टरांना एका जुन्या दुखण्याचे उत्तर दिसले.

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीसारख्या गावातून १०८ची रुग्णवाहिका छत्रपती संभाजीनगरकडे निघते, तेव्हा तिच्यात कधी न्यूमोनिया अंगावर काढलेली आजी असते, कधी विहिरीत बुडताना वाचलेला तरुण, कधी कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी. आजार वेगवेगळे. पण ‘घाटी’च्या अतिदक्षता विभागात पोहोचेपर्यंत त्यांतल्या काहींच्या फुफ्फुसांची अवस्था एकसारखी झालेली असते. वायुकोशांच्या नाजूक भिंतींना सूज येते, रक्तातले पाणी आणि प्रथिने आत झिरपतात आणि ऑक्सिजन कितीही दिला तरी रक्तात पोहोचत नाही. डॉक्टर याला एआरडीएस म्हणतात. कोविडच्या काळात हा शब्द घराघरांत गेला.

यात सगळे फुफ्फुस सारखे बिघडत नाही. रुग्ण उताणा पडलेला असतो, त्यामुळे ओले आणि जड झालेले फुफ्फुस पाठीकडच्या बाजूला मिटते. उघडा राहतो तो छातीकडचा थोडा भाग. मोठ्या माणसाच्या छातीत कामापुरते लहान मुलाएवढे फुफ्फुस उरावे, तशी गत होते. व्हेंटिलेटर दाबाने हवा सोडतो, पण हवा सोपी वाट धरते. ती मिटलेला भाग उघडत नाही, आधीच उघडा असलेला भाग फुगवते. म्हणजे ज्या यंत्राने जीव वाचवायचा, तेच उरलेल्या फुफ्फुसाला इजा करू शकते.

इथे परफ्लोरोकार्बनची कल्पना फार देखणी होती. द्रव पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड. तो आपसूक खाली, म्हणजे नेमका मिटलेल्या भागाकडे उतरणार, वायुकोश आतून उघडणार, घाण सुटून वर तरंगणार आणि जाता जाता ऑक्सिजनही पोहोचवणार. १९८९ मध्ये फिलाडेल्फियात मृत्यूच्या दारात असलेल्या, अपुऱ्या दिवसांच्या तीन बाळांवर तो प्रथम वापरला गेला. फुफ्फुसांचा ताठरपणा कमी झाला, पण पुढे बाळांची प्रकृती पुन्हा खालावली आणि ती वाचली नाहीत.

पूर्ण फुफ्फुस द्रवाने भरायचे तर द्रव आत-बाहेर खेळवणारे वेगळे यंत्र लागते. म्हणून सोपी पद्धत निघाली: फुफ्फुस काही प्रमाणात द्रवाने भरायचे आणि वरून नेहमीचाच व्हेंटिलेटर चालवायचा. १९९६ मध्ये अशा १३ बाळांचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा उत्साह वाढला. मात्र तुलनेला दुसरा गट नव्हता.

तुलना झाली ती प्रौढांमध्ये. उत्तर अमेरिका आणि युरोपातील ३११ एआरडीएस रुग्णांचे तीन गट करण्यात आले: नेहमीचा व्हेंटिलेटर, कमी द्रव आणि जास्त द्रव. २००६ मध्ये निष्कर्ष छापले गेले. २८ दिवसांत साध्या व्हेंटिलेटरवरचे १५ टक्के रुग्ण दगावले होते. कमी द्रवाच्या गटात २६ टक्के आणि जास्त द्रवाच्या गटात १९ टक्के. फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठणे, ऑक्सिजन अचानक घसरणे, रक्तदाब कोसळणे हेही द्रव दिलेल्या रुग्णांतच जास्त. प्राण्यांमध्ये छान चाललेली, तर्काला पटणारी गोष्ट माणसाच्या खाटेवर हरली. अशी चाचणी झाली नसती, तर केवळ कल्पना पटते म्हणून किती रुग्णांना हा द्रव दिला गेला असता, हा विचार अस्वस्थ करतो.

एक कारण असे की, जड द्रवाने आधीच जागा अडवलेल्या फुफ्फुसात वरून हवा ढकलायची म्हणजे उघड्या भागावरचा ताण आणखी वाढण्याचा धोका. दुसरे असे की, तोवर साध्या व्हेंटिलेटरचा वापरच सुधारला होता.

ही सुधारणा बिनखर्चाची होती. २००० मध्ये अमेरिकेत ८६१ रुग्णांवर पाहिले गेले, की प्रत्येक श्वासात हवा निम्मी केली, म्हणजे किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर, तर मृत्यू ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. हे वजन काट्यावरचे नव्हे, उंचीवरून काढलेले. पोट सुटले म्हणून फुफ्फुस मोठे होत नाही! पाच फूट पाच इंच उंचीच्या पुरुषाला त्या हिशेबाने एका श्वासात सुमारे ३७० मिलिलिटर हवा पुरते. त्यासाठी लागते मोजपट्टी. २०१३ मध्ये फ्रान्स आणि स्पेनमधील ४६६ गंभीर रुग्णांच्या चाचणीत दिवसातून किमान १६ तास पालथे झोपवल्याने २८ दिवसांतले मृत्यू ३३ वरून १६ टक्क्यांवर आले. द्रवाने जे करायचे होते, पाठीकडचा भाग उघडणे, ते रुग्णाला उलटे केल्याने बरेचसे साधते. त्यासाठी लागतात चार-पाच जाणते हात आणि नळी निसटू नये म्हणून सतत पहारा. परिचारिका कमी असतील, तर हा ‘स्वस्त’ उपाय सर्वांत अवघड ठरतो.

द्रवाचा नाद संशोधकांनी सोडलेला नाही. कॅनडातील शेरब्रूक विद्यापीठात पूर्ण द्रव-श्वसनाचे यंत्र विकसित झाले आहे. जपानच्या ताकानोरी ताकेबे यांनी तर ऑक्सिजनयुक्त परफ्लोरोकार्बन गुदद्वारावाटे आतड्यात सोडून प्राण्यांना ऑक्सिजन पुरवता येतो, हे दाखवले. त्याबद्दल त्यांच्या गटाला २०२४ चे इग नोबेल मिळाले. या दोन्हींपैकी काहीही अतिदक्षता विभागातल्या नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. तिथे आज नातेवाइकांनी विचारण्याजोगे प्रश्न वेगळेच आहेत: रुग्णाची उंची मोजून श्वासाचे माप ठरवले आहे का, आणि त्याला पालथे झोपवता येईल का?